रिंगा गेल्या, की दुसरेच काही?



मागील उन्हाळ्यात बोर नदीच्या काठच्या एका सभासदाचा सुरू ऊस पाहण्यास आम्ही गेलो होतो. लागण जानेवारीची, बेणे चांगले, खताचा हप्ताही वेळेवर दिलेला. पण फुटवे करपत होते आणि सरीत भेगा पडल्या होत्या. “साहेब, इंजन तं चालून रायलं, पन पानीच नाही फेकत,” असे त्यांचे म्हणणे. महिन्याभरापूर्वीच मिस्त्रीने नव्या रिंगा टाकल्या होत्या, तरी सायलेन्सरमधून निळा धूर चालूच. आपल्याकडच्या उन्हात उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते आणि त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या. पावसाळ्यात नवे फुटवे येतात, पण तोडणीपर्यंत ते वजन धरीत नाहीत. म्हणजे रिंगांचा खर्च गेला तो गेलाच, वरून उसाचे टनही गेले.

आमची पदविका शेतीची, मिस्त्रीकामाची नव्हे. पण उसाची पाहणी करता करता इंजनापाशी उकिडवे बसण्याची पाळी आमच्यावर पुष्कळदा आली आहे. मोटारपंप वाढले, सौरपंपही आले, तरी नदी-नाल्यावरून पाणी उचलणारांचा भरवसा अजून डिझेल इंजनावर आहे. म्हणून हा विषय.

आधी रिंगांचे काम समजून घ्यावे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात निघाली. तिचे पाच अश्वशक्तीचे एव्ही-1 इंजन आपल्या शिवारात ओळखीचे आहे. त्याचा बोअर 80 मि.मी., स्ट्रोक 110 मि.मी. आणि फेरे मिनिटाला 1500. एका स्ट्रोकमध्ये सुमारे 553 घन सें.मी. हवा आत येते आणि पिस्टन वर गेला की ती जेमतेम 36 घन सें.मी. जागेत दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते ना, तसाच हा प्रकार, पण कितीतरी जास्त. त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. येथे ठिणगी देणारा प्लग नाही. हवा बाजूने निसटली की उष्णता पुरत नाही, इंजन सकाळी हँडलला दाद देत नाही आणि भार आला की दम टाकते. वरच्या रिंगा हवा कोंडतात आणि खालची ऑइल खरवडून खाली पाठवते.

आता धुराचे. काळा धूर दिसला की “रिंगा गेल्या” म्हणणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही: भार जास्त, एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल खराब. पांढरा धूर थंड इंजनात थोडा वेळ येतोच. गरम झाल्यावरही राहिला तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा हेडच्या गॅस्केटमधून पाणी, यांचा संशय धरावा. निळा धूर म्हणजे मात्र ऑइल जळते. तेही दर वेळी रिंगांतूनच येते असे नाही. व्हॉल्व्हचे गाइड झिजले, ऑइलबाथ फिल्टरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरले, किंवा चेंबरमध्येच ते जास्त झाले, तरी धूर निळाच. धुरावरून नुसता संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

निकाल हँडलवर लागतो. इंजन गरम करून बंद करावे. डिझेलचा कॉक बंद करून बंद करण्याचा लिव्हर बांधून ठेवावा, नाहीतर इंजन पेट घेऊन हँडल मनगटावर येईल. मग कॉम्प्रेशन धरू देऊन हँडल हळूहळू फिरवावे. चांगले इंजन दाबाशी येऊन अडते आणि हँडल काही क्षण मागे लोटते. झिजलेले इंजन ‘फुस्स’ करून पुढे सरकते. तो आवाज कोठून येतो ते दुसऱ्या माणसाने कान लावून ऐकावे. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरमधून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट. ब्रीदरमधून किंवा ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तरच रिंगा आणि लायनर.

खात्री करायची तर नोझल काढून त्या भोकातून चहाचा एक चमचा इंजन ऑइल आत सोडावे, नोझल बसवावे, कॉम्प्रेशन सोडून चार-सहा फेरे द्यावेत आणि पुन्हा हँडल अजमवावे. आता दाब धरला तर गळती रिंगांतून होती, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजली. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह आणि गॅस्केट पाहावे. एका चमच्याच्या वर मात्र ऑइल घालू नये. 36 घन सें.मी.च्या जागेत कपभर ऑइल गेले तर पिस्टन अडेल आणि जोर लावणाऱ्याच्या हातून कनेक्टिंग रॉड वाकेल.

रिंगा गेल्याच असे ठरले, तरी नुसत्या रिंगा टाकण्याची घाई नको. पिस्टन काढल्यावर लायनरच्या वरच्या काठाखाली नख फिरवावे. कंगोरा लागला तर नवी रिंग त्याला धडकून तुटू शकते. मग नवी रिंग लायनरच्या तळाशी, जेथे झीज नाही तेथे, पिस्टनने सरळ लोटून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजावी. तीच रिंग वर घेऊन पुन्हा मोजावी. समजा खाली 0.40 मि.मी. आणि वर 1 मि.मी. भरली. फरक 0.60, त्याला 3.14 ने भागले की लायनर वर सुमारे 0.19 मि.मी. रुंद झालेला निघतो. अशा लायनरमध्ये नवी रिंग टाकणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी देणे. लायनरच बदलावा.

आमच्या त्या सभासदाकडे नेमके हेच राहून गेले होते. शिवाय झीज झाली कशाने, हेही कोणी विचारले नव्हते. इंजन बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वाटेला लागून, फिल्टरची वाटी कोरडी, तिचा पट्टा तुटलेला म्हणून चिंधीने बांधलेली. तोडणीच्या हंगामात त्या वाटेचा फुफाटा सरळ सिलिंडरमध्ये जात होता. धूळ आणि ऑइल मिळून पॉलिश पेपरच तयार होतो. वाटीतले ऑइल खुणेपर्यंत आहे का हे रोज पाहावे. गाळ बसला की ते टाकून नवे भरावे आणि इंजन वाटेपासून शक्य तेवढे लांब ठेवावे.

गट कार्यालयात फीलर गेजचा एक संच ठेवला आहे. इंजन खोलण्याचे ठरल्यास सभासदांनी तो सही करून न्यावा व दुसऱ्या दिवशी परत करावा.

— ऊस विकास विभाग