विश्लेषण : तीन मिनिटांचे गाणे वरातीत दहा मिनिटे कसे वाजते? ‘रीमिक्स’ घडवणाऱ्या डिस्कोवाल्यांची गोष्ट

अमरावती असो की अकोला, लग्नसराईत डीजेवाल्याची खरी परीक्षा गाणे सुरू करताना होत नाही, ते संपताना होते. एक गाणे थांबून दुसरे लागेपर्यंत चार सेकंदांची पोकळी राहिली तरी नाचणारे पोट्टे पांगतात. कोणी पाणी शोधतो, कोणी पानठेल्याकडे वळतो. नवरदेव घोड्यावर तसाच ताटकळतो. पन्नासेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर एका माणसाच्या नेमके हेच लक्षात आले. त्यावर त्याने शोधलेल्या उपायाला आज आपण ‘रीमिक्स’ म्हणतो. आता हे काम मोबाइलवर होते, त्यामुळे एक जुना प्रश्नही पुन्हा समोर आला आहे. बदललेल्या गाण्यावर नाव कोणाचे?

अडचण कोणाच्या लक्षात आली?

टॉम मोल्टन यांच्या. ते डीजे नव्हते. मॉडेलिंग करत, त्याआधी रेकॉर्ड कंपन्यांत नोकरी केलेली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते फायर आयलंड या बेटावरील नाचघरात गेले. लोक रंगात येत आणि तीन मिनिटांत गाणे संपे. पुढच्या गाण्याचा ठेका वेगळा असल्याने पावले अडखळत आणि माणसे बाजूला होत. तेव्हाची गाणी सात इंची छोट्या तबकडीवर येत. रेडिओला छोटी गाणी हवी असत, म्हणून लांबी जेमतेम तीन मिनिटे.

मोल्टन यांनी घरी बसून टेप कापून-जोडून ४५ मिनिटांची सलग ध्वनिफीत तयार केली. एक गाणे दुसऱ्यात असे मिसळायचे की नाचणाऱ्याला सांधा कळू नये. या ४५ मिनिटांसाठी ८० तास लागल्याचे त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितले. संगणक नाही, पडद्यावर दिसणाऱ्या ध्वनिलहरी नाहीत. ब्लेड, चिकटपट्टी आणि कान एवढेच साहित्य. गाणी सलग जोडण्याची कला तोपर्यंत अगदीच नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ या जुन्या चर्चमधल्या क्लबात फ्रान्सिस ग्रासो हा डीजे दोन तबकड्यांचे ठेके जुळवून न थांबता वाजवत असे. पण ते त्या रात्रीपुरते. मोल्टन यांनी तीच गोष्ट टेपवर आणली, म्हणजे टिकाऊ केली.

‘ब्रेक’ आणि बारा इंची तबकडी : दोन्ही अडचणीतून

पुढे कंपन्या मोल्टन यांना गाणी लांबवायला देऊ लागल्या. १९७४ मध्ये डॉन डाउनिंग यांचे ‘ड्रीम वर्ल्ड’ त्यांच्याकडे आले. गाणे मध्येच वरच्या पट्टीत चढत होते. लांबवायचे तर मागचा भाग पुन्हा जोडावा लागणार, आणि वरच्या पट्टीतून एकदम खाली आले की कानाला खटकणार. त्यांनी मधला सगळा सूर काढून टाकला आणि फक्त तालवाद्ये ठेवली. काही क्षण नुसता ताल ऐकला की कान आधीची पट्टी विसरतो. मग मूळ सूर बेमालूम परत येतो. ही झाली तांत्रिक तडजोड; पण नाचणारे त्याच जागी सर्वाधिक बेभान होतात, असे दिसून आले. हाच डिस्कोचा ‘ब्रेक’. आपल्याकडे वरातीत सगळे वाजणे थांबून नुसती ढोलकी किंवा ताशा उरतो आणि शिट्ट्या सुरू होतात, तीच ही जागा. आपल्या बँडवाल्यांना ती कोणत्याही अमेरिकन तबकडीच्या आधीपासून ठाऊक होती, हे इथे नोंदवायला हवे.

त्याच वर्षी बी. टी. एक्स्प्रेस या वाद्यवृंदाचे सुमारे तीन मिनिटांचे गाणे मोल्टन यांनी जवळपास सहा मिनिटांचे केले. वाद्यवृंदाला ते आवडले नाही. गाणे गाजल्यावर मात्र, मोल्टन सांगत त्याप्रमाणे, टीव्हीवर त्यांनी गाण्याच्या लांबीचे श्रेय स्वतःकडे घेतले. १९७५ मध्ये ग्लोरिया गेनर यांच्या ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ या अल्बमची संपूर्ण पहिली बाजू त्यांनी तीन गाणी जोडून सलग केली. यानंतर त्यांच्या तबकड्यांवर ‘अ टॉम मोल्टन मिक्स’ असे छापून येऊ लागले. गायक नाही, संगीतकार नाही, वादकही नाही, आणि तरीही तबकडीवर नाव!

बारा इंची तबकडी हा तर योगायोग. एकदा नमुना कापताना होजे रॉड्रिग्ज या ध्वनितंत्रज्ञाकडील सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या, म्हणून त्याने मोठी चकती घेतली. छोटे गाणे मोठ्या चकतीवर अगदीच कोपऱ्यात दिसेल म्हणून खाचा ऐसपैस पसरल्या. वाजवून पाहिले तर आवाज कितीतरी दमदार. कारण सोपे आहे. तबकडीत खर्जाच्या आवाजासाठी सुईला रुंद हेलकावे घ्यावे लागतात. जागा कमी असेल तर खाचा एकमेकींना भिडतात, म्हणून खर्ज आणि आवाज दाबावा लागतो. जागा वाढली की तो मोकळा होतो.

डीजे स्टुडिओत कसा शिरला?

अशी बारा इंची तबकडी बाजारात विक्रीला आली १९७६ मध्ये. सालसोल कंपनीचे, ‘डबल एक्स्पोजर’ या गायकसमूहाचे ‘टेन पर्सेंट’. त्याचे मिक्सिंग केले वॉल्टर गिबन्स यांनी. हे मात्र पक्के डीजे, रोज रात्री लोकांना नाचवणारे. चारेक मिनिटांचे गाणे त्यांनी पावणेदहा मिनिटांचे केले. गीतकार ॲलन फेल्डर यांना ते रुचले नाही. लिहिलेल्या शब्दांपेक्षा तालालाच जास्त जागा मिळाली होती.

खरी उडी पुढच्या वर्षीची. लोलिएटा हॉलोवे यांच्या ‘हिट अँड रन’साठी कंपनीने गिबन्स यांच्या हाती मल्टिट्रॅक टेपच दिली. मल्टिट्रॅक म्हणजे गायिकेचा आवाज एका पट्टीवर, ड्रम दुसरीवर, बास तिसरीवर, असे सगळे सुटे सुटे. गिबन्स यांनी गायिकेचे सुरुवातीचे कडवेच्या कडवे उडवले आणि शेवटी तिने उत्स्फूर्त घेतलेल्या जागा लांबवल्या. गाण्याचा गाभाच बदलला. याच काळात जमैकात किंग टबी हे तंत्रज्ञ गाण्यातून आवाज काढून ताल-बासशी खेळत ‘डब’ हा प्रकार घडवत होते. दोन्हीकडे किल्ली एकच : सुट्या पट्ट्या ज्याच्या हाती, गाणे त्याच्या हाती.

भारतात रीमिक्सचा अर्थ वेगळा का झाला?

कारण ही किल्ली आपल्याकडे कोणाला मिळालीच नाही. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांत गायक आणि वाद्यवृंद बहुधा एकत्र, थेट ध्वनिमुद्रित होत. आवाज, तबला, व्हायोलिन एकमेकांत मुरलेले. सुटे करणार कसे?

डिस्को मात्र थाटात आला. मूळचे बेंगळुरूचे बिड्डू यांनी संगीत दिलेले ‘कुर्बानी’तले नाझिया हसन यांचे गाणे १९८० मध्ये गाजले आणि १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या ‘डिस्को डान्सर’ने कळस गाठला. मोल्टन यांच्या सलगतेच्या सर्वांत जवळ गेले ते कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू बाबला. त्यांच्या ‘डिस्को दांडिया’त इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर गरब्याच्या चाली न थांबता पुढे सरकत. अकोला-अमरावतीच्या नवरात्रात पुढे रुजलेल्या ‘नॉनस्टॉप’चे मूळ इथे शोधावे लागते.

कॅसेटच्या काळात दोन पळवाटा निघाल्या. पहिली ‘झंकार बीट्स’. मूळ गाण्याला हात न लावता वरून इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि घुमारा चढवायचा. जाणकारांनी नाके मुरडली, पण ट्रक, ऑटो आणि पानठेल्यांच्या छोट्या स्पीकरवर तेच गाणे उठून ऐकू येई. दुसरी वाट कायद्यातली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील तरतुदीनुसार मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे झाली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन तेच गाणे नव्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेता येई. म्हणजे मूळ आवाज नकोच! टी-सीरिजसह अनेकांनी या वाटेने ‘व्हर्जन’ कॅसेटचा धंदा उभारला.

१९९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बॅली सागू यांनी ‘बॉलीवूड फ्लॅशबॅक’मध्ये जुनी गाणी रेगेच्या ठेक्यावर पुन्हा गाऊन घेतली. २००२ मध्ये धुमाकूळ घालणारे ‘काँटा लगा’ही त्याच जातीचे. मूळ गाणे ‘समाधी’ (१९७२) चित्रपटातले, राहुलदेव बर्मन यांचे, लता मंगेशकर यांनी गायलेले. नव्यात आवाज दुसऱ्याच गायिकेचा होता. जगाच्या भाषेत हे रीमिक्स नव्हेच. पण आपल्याकडे शब्द हाच रूढ झाला आणि ‘रीमिक्स’ म्हणजे जुन्या गाण्याची विटंबना, असा समजही त्याच्यासोबत रूढ झाला.

बप्पीदा अमेरिकेच्या न्यायालयात

त्याच २००२ मध्ये उलटा प्रवास झाला. ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातले बप्पी लाहिरींचे आणि लतादीदींनी गायलेले ‘थोडा रेशम लगता है’ अमेरिकेत ‘ॲडिक्टिव्ह’ नावाच्या गाण्यात जसेच्या तसे वापरले गेले. गायिका ट्रुथ हर्ट्स, निर्माता डीजे क्विक, कंपनी डॉ. ड्रे यांची. नामोल्लेख कोणाचाच नाही, परवानगी नाही. खटला झाला. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की बप्पी लाहिरींच्या श्रेयाचा उल्लेख केल्याशिवाय सीडी विकता येणार नाही. ज्यांच्यावर आयुष्यभर चाली उचलल्याचा आरोप झाला, तेच बप्पीदा श्रेयासाठी परक्या न्यायालयात गेले. याहून गमतीशीर वळण पटकथाकारालाही सुचले नसते.

वऱ्हाडातल्या डीजेच्या हाती आता काय आले?

इथे आधी एक खुलासा. वऱ्हाडात ‘डीजे’ म्हणजे बहुधा माणूस नव्हे, तर गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘लग्नात डीजे हाय का?’ या प्रश्नाचे उत्तर वॅटमध्ये मिळते. कोल्हापूर-सांगलीकडे यालाच ‘डॉल्बी’ म्हणतात. त्यामागे लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा कोणाच्या खिजगणतीत नसतो. पण संदलच्या ठेक्यावर भीमगीत चढवणारा, ढोलताशाच्या तुकड्यातून ब्रेक काढणारा तोच असतो.

२०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ हे सॉफ्टवेअर खुले केले. तयार गाण्यातून आवाज, ड्रम, बास वेगवेगळे काढून देणारे. आज अशी ॲप फोनवर आहेत. मिश्रणातून सूर वेगळा काढताना थोडी खरखर राहते, पण भोंग्यातून ती कोणाला ऐकू जाते? गिबन्स यांना १९७७ मध्ये कंपनीच्या कृपेने जे मिळाले, ते दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पोराला आता पावसाळ्याच्या फावल्या वेळात मिळते.

या पिढीने मोल्टन यांची छापील नाममुद्राही स्वतःच्या पद्धतीने शोधली आहे. गाण्याच्या ऐन मध्यात घुमणारा आवाज : ‘डीजे अमुक, अमरावती!’ ऐकणाऱ्याला तो व्यत्यय वाटतो. ज्याची फाइल पेनड्राइव्हवरून गावोगाव फुकट फिरते, त्याच्यासाठी तीच एकमेव सही. अडचण एवढीच की त्या सहीत मूळ गीतकार, शाहीर, गायक कुठेच नसतो. त्यात भीमगीतांचे आणि लोकगीतांचे कवी सर्वांत आधी पुसले जातात.

वेगळा मार्गही निघाला आहे. क्रेटेक्स (कृणाल घोरपडे) यांनी मराठी शब्द हाउस संगीतावर बसवण्यावर भर दिला. श्रेयस सागवेकर यांच्यासोबतचे त्यांचे ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये देशाबाहेरच्या नृत्यसंगीताच्या कंपनीकडून प्रसिद्ध झाले. गाणे नवे, त्यामुळे नावे दोघांची आणि हक्काचा गुंता नाही.

कायदा काय सांगतो?

लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणी वाजवणे हा कॉपीराइटचा भंग नाही, असे कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये नमूद आहे. केंद्राने २०२३ मध्ये पत्रक काढून त्याची आठवणही करून दिली. हॉटेल-हॉलमधील कार्यक्रमांबाबतचे वाद मात्र न्यायालयांपर्यंत गेले. आवाजाची मर्यादा हा वेगळा विषय : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल.

वाजवणे आणि बदलून प्रसिद्ध करणे यांत फरक आहे. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन केलेला रीमिक्स यूट्यूबवर टाकायचा तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते. नाहीतर व्हिडिओ अडवला जातो किंवा जाहिरातीचे पैसे मूळ कंपनीकडे वळतात. पुन्हा गाऊन घेण्याची जुनी सवलतही २०१२ च्या दुरुस्तीनंतर आवळली गेली. आता दोन नव्हे, पाच वर्षे थांबावे लागते. वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदलही करता येत नाही. अर्थात, मोल्टन यांनी जे केले ते या तरतुदीत बसत नाही.

त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला न विकता येणारा वाटा दिला. कलम ५७ नुसार रचनाकाराला आपले नाव लावून घेण्याचाही हक्क आहे. हा हक्क हाताळायला डीजेला वकील लागत नाही : फाइलच्या नावात आणि व्हिडिओखाली स्वतःच्या नावाआधी कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे टाइप करायला अर्धा मिनिट लागतो.