तडा पडतो तो सुकताना

भट्टी उघडल्यावर तळाला तडा दिसला की सगळा राग भट्टीवर निघतो. खरं तर बहुतेक वेळा भेग आधीच, भांडं फळीवर सुकत असताना पडलेली असते. भाजताना ती रुंदावते आणि डोळ्यांत भरते.

ओल्या मातीच्या चपट्या कणांमध्ये पाण्याचा थर असतो. पाणी उडालं की कण जवळ येतात आणि भांडं आटतं. स्टोनवेअरची माती सुकून आणि भाजून एकूण 10 ते 13 टक्के आटते. त्या आटण्याचं भय नाही, सगळीकडे सारखं आटलं म्हणजे झालं. पण काठ पातळ, वाऱ्यावर उघडा. तळ जाड आणि फळीला चिकटलेला. काठ आटून घट्ट होतो तेव्हा तळ ओलाच असतो. मग या ओढाताणीत माती कुठेतरी फाटते.

म्हणून काठावर प्लास्टिकची पट्टी टाकावी आणि तळ मोकळा ठेवावा. बोटाने दाबून काठ वाकेनासा झाला, म्हणजे भांडं लेदर हार्ड झालं, की ते पालथं घालावं. पसरट ताटलीखाली वर्तमानपत्र घातलं की आटताना तिला सरकायला वाव मिळतो. चाकावर असतानाच तळ पट्टीने मधून कडेकडे आणि परत मधे असा दाबून घ्यावा, साचलेलं पाणी स्पंजने टिपावं. तळावरची नागमोडी भेग बहुधा या दोन गोष्टी राहून गेल्यामुळेच येते.

कपाच्या कानाला माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा. कप आणि कान सारख्याच ओलीचे हवेत. दोन्हीकडे चरे पाडून, त्याच मातीचा पातळ लगदा लावून दाबावं आणि सगळं रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावं. ओल आपोआप समतोल होते. नागपूरच्या मे महिन्यात हे टाळलंत तर सकाळी कान हातात येईल!

कोकणातल्या जुलैत अडचण उलटी. भांडं वरून पांढुरकं दिसतं, पण आत ओल राहते. ते गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून पाणी उडतंय.

अशी ओल राहिलेलं भांडं भट्टीत घाईने तापवलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं. लोक हवेच्या बुडबुड्याला दोष देतात, पण कोरड्या मातीतली हवा सहसा काही करत नाही. शंका असेल तर झाकण किंचित उघडं ठेवून काही तास 100 अंश सेल्सिअसच्या खालीच थांबावं. जाड वस्तूंना हे हवंच. पुढे 573 अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि ते एकदम फुगतं. तिथेही, तापताना आणि निवताना, घाई नको.

आपल्याकडचे कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतात त्यामागेही भांडं फुटू नये हाच हेतू आहे. माती मोकळी होते, वाफेला वाट मिळते. छंदासाठी काम करणाऱ्यांना ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, घातलेली माती हाच फायदा देते.

सुकताना भेग पडलीच तर लिंपत बसू नये. लिंपण पुन्हा वेगळं आटतं आणि तिथेच उकलतं. भांडं पूर्ण कोरडं होऊ द्यावं, फोडावं आणि बादलीत भिजत घालावं. कोरडी माती लवकर विरघळते, अर्धवट ओल्या मातीचे मात्र गोळे राहतात.