जनगणना २०११ ची, पोटं आजची

जालन्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "तिकडे लोकसंख्या भरमसाठ वाढते, म्हणून मदतही तिकडेच जाते." हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

आधी वाढीचं पाहू. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६.९७ लाख लोक होते आणि जालन्यात १६.१३ लाख. दहा वर्षांनी रत्नागिरी १६.१५ लाखांवर उतरली, जालना १९.५९ लाखांवर गेला. जालन्याची वाढ २१.४६ टक्के, राज्याची १५.९९. पण त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. कोकणातले चाकरमानी गाव सोडून तिकडे गेले, हेही त्यामागचं एक कारण. म्हणजे जिल्ह्याचा आकडा फक्त पाळण्यांवर ठरत नाही. राज्यात एका स्त्रीमागे सरासरी मुलं आता १.७ आहेत (कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. मात्र तरुण माणसं जास्त असलेल्या भागात घरटी मुलं कमी झाली तरी एकूण आकडा काही वर्षं वाढतच राहतो.

आता मदतीचं. माणसं वाढली की रेशन आपोआप वाढतं, असं लोक धरून चालतात. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, पण लाभार्थी ठरले २०११ च्या जनगणनेवर: राज्यात सुमारे सात कोटी, ग्रामीण ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४. पुरवठा खात्याच्या भाषेत हा 'इष्टांक'. तो भरला की नवी सून किंवा नवं बाळ यादीत येण्यासाठी आधी कुणाचं तरी नाव कमी व्हावं लागतं. ज्या जिल्ह्यात माणसं वाढली तिथे ही रांग लांब होणारच.

मोठ्या घराला जास्त धान्य, हेही सरसकट खरं नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळतं. अंत्योदय कार्डावर मात्र घराला ३५ किलो, माणसं कितीही असोत. घरात नऊ जण असतील तर माणशी चार किलोही येत नाही, आणि ही कार्डं सर्वांत गरीब घरांची.

तिसरं अपत्य झालं की रेशन बंद होतं, ही भीती मात्र निराधार आहे. दोन अपत्यांची अट ग्रामपंचायतीची निवडणूक आणि सरकारी नोकरी यांच्यासाठी आहे.

केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये, पुढे १७०, थेट खात्यात मिळू लागले. ही तरतूद जालन्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी आहे. तिला मराठवाड्याचे लाड म्हणणाऱ्यांनी आधी ते विशेषण नीट वाचावं.

मला सर्वांत जास्त सलतो तो ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेले कोयते जालन्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातून निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मागे राहतात म्हाताऱ्या आणि नातवंडं. कामाने झिजलेला अंगठा आजी पदराला पुसते आणि रेशन दुकानातल्या मशीनवर पुन्हा पुन्हा टेकवते. 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे कोयत्याला कारखान्याजवळच्या दुकानातही आपलं धान्य उचलता येतं. ते धान्य त्यांच्या कोपीपर्यंत, म्हणजे तिथल्या झोपडीपर्यंत, पोचायचं तर ही गोष्ट टोळी निघण्याआधी गावातच सांगायला हवी.

आणि आता पुढची जनगणना. संदर्भ-तारीख १ मार्च २०२७, माणसांची मोजणी फेब्रुवारीत. मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नसतो, त्याची नोंद तो सापडेल तिथे होते, असा २०११ चा नियम होता. तेव्हाही मोजणी फेब्रुवारीतच झाली होती. फेब्रुवारीत जालन्याची ही माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतात. हंगाम संपला की ती परततात, आणि रेशन, अंगणवाडी, दवाखाना त्यांना जालन्यातच लागतो.