ध्वनिवर्धकावांचून गिटारचा ध्वनि

कोल्हापुरांतील एखाद्या पेठेंत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत, मुलानें विजेवरची गिटार हातीं घेतली म्हणजे दोन अडचणी उभ्या राहतात. गिटार थेट ध्वनिमुद्रणयंत्राला जोडली तर आवाज कोरडा येतो. मोठ्या ध्वनिवर्धकाला जोडली तर शेजाऱ्यांची झोपमोड होते. या पेचांतून वाट काढणारी एक लहानशी पेटी घरीं तयार करतां येते. तिला 'अँप सिम्युलेटर पेडल' म्हणतात. म्हणजे ध्वनिवर्धकाची नक्कल करणारी, पायानें चालू-बंद करावयाची पेटी.

नक्कल कशाची, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. गिटारच्या जुन्या ध्वनिवर्धकांत काचेचे व्हॉल्व्ह असत. कांहींत ते आजहि असतात. व्हॉल्व्हवर पेलवेल त्याहून अधिक भार पडला कीं विद्युत्-लहरींचे माथे सपाट होतात आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उमटतात. यंत्राच्या दृष्टीनें हा दोष होय. वादकांना मात्र तोच गोड लागला. कोल्हापूरकरांस याचें नवल वाटूं नये. शेजारच्या मिरजेंत तंबोऱ्याची घोडी बाकदार घांसून व तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, तीहि उपस्वर खुलावे म्हणूनच.

दुसरी नक्कल स्पीकरची. गिटारचा १२ इंची स्पीकर सेकंदास सुमारें ५००० कंपनांच्या वरचा आवाज झपाट्यानें कमी करतो व खरखर गाळून टाकतो. ही गाळणी नसेल तर माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो. न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टा यांच्या 'सॅन्सअँप' या पेटीनें १९८९ सालीं हीं दोन्हीं कामें व्हॉल्व्ह व स्पीकर यांवांचून साधून दाखविलीं.

घरच्या पेटीस ९ व्होल्टची बॅटरी पुरते. गिटारची तार जेथें येते तेथें १० लाख ओहमचा प्रतिरोध ठेवावा. तो कमी असेल तर वरचे स्वर मंद होतात. पुढें दोन-तीन एफ. ई. टी. जातीचे ट्रॅन्झिस्टर ओळीनें बसवावे. एकाच नांवाचे दोन नगहि सारखे नसतात. म्हणून प्रत्येकाच्या ड्रेन या टोकावर सुमारें ४.५ व्होल्ट येईपर्यंत त्याचा फिरता प्रतिरोध जुळवावा. शेवटीं गाळणी: १० हजार ओहमचा प्रतिरोध व ३.३ नॅनोफॅरडचें धारित्र यांची सीमा सुमारें ४८०० कंपनांवर पडते. एकच गाळणी सौम्य ठरते, म्हणून दोन-तीन मांडाव्या. त्या एकत्र आल्या कीं सीमा खालीं सरकते. आवाज दबलेला वाटल्यास धारित्रें लहान करीत जावें. सर्व जुळणी धातूच्या पेटींत ठेवून पेटी ऋण तारेस जोडावी, म्हणजे बाहेरची घरघर आंत शिरत नाहीं. पेटींतून निघालेली तार ध्वनिमुद्रणयंत्रास व त्यास कानावरचे श्रवणयंत्र जोडलें कीं शेजार शांत राहतो.

नवशिक्यानें व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक उघडण्याऐवजीं याच पेटीनें आरंभ करावा. तेथें ३००-४०० व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरहि धारित्रांत उरलेला भार प्राणघातक ठरूं शकतो. येथें चूक झाली तर फार तर एखादा ट्रॅन्झिस्टर जातो.

आंकडे वाट दाखवितात. मुक्काम मात्र कानानेंच ठरवावा लागतो. जवारी काढणारा कारागीर घोडी किंचित् घांसतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हां घांसतो. पेटी करणाऱ्यानेंहि तसेंच करावें.