फॉरमॅट मारण्याआधी

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या लोह्यात कॉम्प्युटर घरात आला तो एमएस-सीआयटीच्या पाठोपाठ. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, तिचा हा अभ्यासक्रम आला, आणि सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र लागू लागलं तसं तालुक्याच्या गावांतही संगणक केंद्रांच्या पाट्या झळकल्या. शिकणाऱ्याला सराव हवा, म्हणून शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, एखाद्या कृषी सेवा केंद्रवाल्याने नांदेडहून मशीन आणलं. कंपनीचं क्वचितच, बहुतेक असेंबल केलेलं. जाड काचेचा मॉनिटर चादरीत गुंडाळून एसटीने किंवा जीपने यायचा, हॉलमधल्या टेबलावर बसायचा आणि संध्याकाळी शेजारपाजारची पोरं बघायला यायची. निळी स्क्रीनही त्याच टेबलावर पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या काळात घरातली मशीन बदलली, विंडोज बदलली, पण गावातलं वाक्य बदललं नाही. "विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायची. आज या सगळ्या वर्षांकडे पाहताना माझं ठाम मत आहे की आपल्या भागातले बहुतेक फॉरमॅट विनाकारण झाले. दोष विजेत होता, उष्णतेत होता, धुळीत होता, कधी एखाद्या किरकोळ किमतीच्या सुट्या भागात होता. स्क्रीनवर तसं लिहूनही येत होतं. ते वाचायची सवय आपल्याला कुणी लावली नाही.

निळी स्क्रीन म्हणजे मशीन मेलं, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात विंडोज तिथे मुद्दाम थांबते. मेमरी, डिस्क आणि ड्रायव्हर यांचा कारभार जिथे चालतो त्या गाभ्यात काही चुकलं आणि तसंच पुढे चालू ठेवलं, तर फायलींची नासधूस होऊ शकते. म्हणून ती सगळं काम थांबवते, कारणाचा कोड दाखवते आणि जमलं तर त्या क्षणाची नोंद डिस्कवर लिहून ठेवते. विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडम्प' नावाच्या जागी ती नोंद सापडते. फॉरमॅट केला की सगळ्यात आधी हा पुरावाच जातो. मग तोच दोष महिनाभराने पुन्हा आला तरी तो पहिलाच वाटतो.

खुद्द बनवणाऱ्यांनाही या स्क्रीनने सोडलं नव्हतं. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. त्यांच्या सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भरसभेत निळी स्क्रीन आली. त्या विंडोजमध्ये कोणतंही बटण दाबून पुढे जाता यायचं, आणि आपणही तेच करायचो. पुढे एक्सपी आली. ती ९८ पेक्षा कितीतरी भक्कम होती, यात वाद नाही. पण तिच्यात एक सोय अशी होती की निळी स्क्रीन येताच मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. निळा रंग चमकून जायचा, अक्षर वाचायला मिळायचं नाही. 'माय कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन ती एक खूण काढली की स्क्रीन थांबून राहायची आणि कोड उतरवून घेता यायचा. एवढी एक गोष्ट संगणक केंद्रांनी पहिल्या आठवड्यात शिकवली असती तर लोकांचे किती पैसे वाचले असते!

२००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर आणि पुढच्या वर्षी सॅसर हे वर्म आले. इंटरनेट जोडलं की साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. ती निळी स्क्रीन नव्हती, पण गावात दोन्हींना एकच नाव आणि एकच औषध. फॉरमॅट करून पुन्हा बीएसएनएलचा फोन जोडला की तोच खेळ, कारण विंडोजमधली फट तशीच उघडी राहायची. उपाय होता मायक्रोसॉफ्टने दिलेली दुरुस्ती टाकणं. त्याच सुमारास पुण्याच्या क्विक हीलच्या सीड्या आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी भाऊ संजय यांच्यासोबत उभी केलेली ही कंपनी. दुरुस्तीच्या टेबलावरून आलेल्या माणसाला गिऱ्हाइकाची खरी अडचण कळते, असं मला त्यांच्याकडे पाहून नेहमी वाटतं.

पण मराठवाड्यातल्या निळ्या स्क्रीनची खरी गोष्ट लाईटची आहे.

जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. त्याच वर्षांत भारनियमन वाढत गेलं आणि ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास लाईट नसणं नेहमीचं झालं. लाईट यायची तीही धड नाही. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली, डीपीवर बिघाड झाला की दिवे एकदम भगभगीत. कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा एसएमपीएस लाईट गेल्यावर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. त्यापेक्षा उशिरा यूपीएसने भार उचलला तर मशीन बंद. घरातल्या इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं. ते नॉर्मलवर ठेवलं तर लाईट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, हेही अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नव्हतं. चालू कामात असा झटका बसला की डिस्कवर अर्धवट लिहिलेलं राहतं, आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन देते. कोडच्या शेवटी 'टू-फोर' दिसलं की डिस्कवरची फायलींची मांडणी बिघडली असं समजायचं. तिथे 'चेक डिस्क' चालवणं हा पहिला उपाय, फॉरमॅट हा शेवटचा.

आमच्या घरच्या मशीनचा एक त्रास तर बरेच महिने उलगडला नव्हता. रात्रभर लाईट गेली की सकाळी निळी स्क्रीन, कोडच्या शेवटी 'सेव्हन-बी'. लाईट सलग राहिली तर आठ-आठ दिवस काही नाही. दुरुस्ती करणारा मुलगा यायचा, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदलायचा, फॉरमॅट मारून जायचा. पुन्हा लांबलचक भारनियमन, पुन्हा तेच. दिवाळीला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी पुतणी आली. तिने निळ्या स्क्रीनकडे नाही, आधी कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काका, तारीख कितीची दाखवतंय बघा."

"ते नेहमीच मागं जातं. मी रोज नीट करतो."

"मग सेल गेलाय. बोर्डावरचा."

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर-२०३२. मशीनला लाईट नसताना बायोसमधल्या नोंदी तो जपतो. तो संपला की लाईट जाताच बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मूळ मांडणीवर जातं. त्या मांडणीत हार्ड डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली धरली जायची, तिचा ड्रायव्हर एक्सपीमध्ये नव्हताच. म्हणून विंडोजला स्वतःची डिस्कच सापडायची नाही, आणि 'सेव्हन-बी'चा अर्थ नेमका तोच. सेल बदलला, बायोसमध्ये सेटिंग एकदा नीट केलं आणि तो त्रास संपला. सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळत होता. आधीचे सगळे फॉरमॅट या एका सेलपायी झाले होते.

दुसरी गोष्ट कपॅसिटरची, आणि ती जगभरची आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते. त्यांच्यातलं रसायन बिघडून डोकं फुगायचं, कधी तपकिरी चिकट द्रव बाहेर यायचा. प्रोसेसरला मिळणारी वीज मग स्थिर राहत नाही आणि विंडोज कुठेही, कशावरही कोसळते. उष्णतेने कपॅसिटरचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीतल्या बंद कॅबिनेटमध्ये काय होत असेल, कल्पना करा. हा दोष गावात सर्वांत आधी ओळखला तो टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी. कॉम्प्युटरचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण "कंडेन्सर फुगलाय" हे त्यांना नजरेनेच कळायचं. सोल्डरिंग गनने जुने काढून नवे बसवले की कचऱ्यात निघालेले बोर्ड पुन्हा चालायचे. या माणसांचं श्रेय कुठे नोंदलं गेलेलं नाही, म्हणून इथे आवर्जून लिहितो.

अर्थिंगचा दोषही असाच दुर्लक्षित राहिला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येणं हे आपल्याकडे इतकं सवयीचं होतं की कुणी तक्रारही करत नसे. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीत जायला हवी ती गळती मशीनच्या पत्र्यावर राहते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहणं जुन्या वायरमनना माहीत होतं. नव्या घरांत तिसरी वायर नुसती बोर्डापर्यंत यायची, पुढे कुठेच जोडलेली नसायची.

रॅमचा उपाय मात्र सगळ्यांनी शिकून घेतला. कॅबिनेट उघडायचं, रॅम काढायची, सोनेरी पट्टी खोडरबराने पुसायची, पुन्हा खटकन बसवायची. धूळ आणि दमट हवेने संपर्क बिघडला असेल तर हा उपाय खरोखर लागू पडतो. दरवेळी वेगळा कोड येत असेल, कधी 'झिरो-ए', कधी 'फाइव्ह-झिरो', कधी 'वन-ए', तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. दरवेळी तोच कोड आणि खाली तेच फाइलचं नाव दिसत असेल, तर तो बहुधा ड्रायव्हर. आणि निळी स्क्रीन न येताच मशीन फटकन बंद पडत असेल, तर पंखा, थर्मल पेस्ट किंवा एसएमपीएस बघावा, कारण प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला थेट बंद होतो. मेमरी तपासणारे प्रोग्रॅम तेव्हाही फुकट मिळत होते. अडचण एवढीच की ते तासन्तास चालवावे लागतात, आणि तेवढी सलग लाईट आपल्याकडे नव्हती. दोन रॅम असतील तर एक काढून आठवडाभर वापरून बघणं, हीच आपली तपासणी.

फॉरमॅटने काय नेलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले लग्नाचे फोटो 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये होते, म्हणजे सी ड्राइव्हवर. ते गेले. शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका गेल्या, कुणाची एम.ए.ची टिपणं गेली. शिवाय दर फॉरमॅटबरोबर मराठी जायची. एक्सपीत देवनागरी नीट दिसावी म्हणून भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, विंडोजची सीडी घालायची, तेव्हा ती परत यायची. श्रीलिपीत टाइप केलेली फाइल तर तो फॉन्ट पुन्हा टाकेपर्यंत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसायची. अनेकांना वाटलं, फाइलच खराब झाली. त्यांनी ती पुसून टाकली. यातलं काहीच आता परत मिळणार नाही, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटते.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, तरी आपल्याकडे ती पुढेही बरीच वर्षं चालली. विंडोज ८ पासून निळ्या स्क्रीनवर रडका चेहरा आला, २०१६ मध्ये क्यूआर कोड. तो स्कॅन केला तर मदतीचं सर्वसाधारण पान उघडतं, आपल्या मशीनचा दोष त्यात सापडत नाही. याच वर्षांत घरातलं मशीन नुसतं घरचं राहिलं नाही. पीकविम्याचे अर्ज, २०१७ ची कर्जमाफी, सातबारा, शिष्यवृत्ती, सगळं त्यावर आलं. जुलैअखेरीस विम्याच्या अर्जाची मुदत संपत असताना अर्ज भरण्याच्या केंद्रावरचं एकुलतं एक मशीन कोसळलं, की बाहेर रांगेत उभ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी जायची आणि विमाही हुकण्याची वेळ यायची.

१९ जुलै २०२४ ला हे सगळ्या जगाने अनुभवलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर इंडिगोचे बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. घरची मशीन सुटली, कारण ते सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मशीनवर असतं. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते दुरुस्तीचं. सेफ मोडमध्ये जायचं, त्या अपडेटची सदोष फाइल काढायची, मशीन चालू. एवढ्या मोठ्या संकटातही फॉरमॅट न मारता मार्ग निघाला.

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधला निळा रंग काढून काळा आणला. कोड आणि दोषी फाइलचं नाव त्यावर आहेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे गावोगावची कितीतरी मशीन आता पुन्हा दुरुस्तीच्या टेबलावर जाणार. तेव्हा एवढं करा. स्क्रीन आली की मोबाइलने तिचा फोटो काढा. तारीख, त्या वेळी लाईटची काय स्थिती होती, नवीन काय जोडलं किंवा टाकलं होतं, हे एका वहीत लिहा. फोटो आणि कागदपत्रं आजच वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा. आणि दुरुस्ती करणारा फॉरमॅट म्हणाला, तर त्याला आधी कोडचा अर्थ विचारा.