बातमीच्या वेषात आलेला प्रचार

निवडणुकीचे दिवस. गावातल्या केशकर्तनालयात आपला नंबर येईपर्यंत गिऱ्हाईक एकामागून एक वर्तमानपत्रे चाळत बसलेले असते. एका दैनिकात अमुक उमेदवाराच्या कामगिरीवर अर्धे पान भरून मजकूर आलेला. दुसरे दैनिक उघडावे, तर तोच मजकूर, तेच छायाचित्र. फक्त लेखकाचे नाव निराळे! ‘सगळ्यांनीच लिहिले आहे, म्हणजे माणूस चांगलाच असणार,’ असे मनाशी म्हणत ते गिऱ्हाईक खुर्चीत जाऊन बसते. ज्याने पैसे मोजले, त्याचे काम झालेले असते.

असा प्रकार महाराष्ट्रात खरोखर घडला आहे. १३ ऑक्टोबर २००९ रोजी राज्यात विधानसभेसाठी मतदान झाले. त्याच्या आधीच्या दिवसांत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांतून शब्दाला शब्द जुळणारा स्तुतिपर मजकूर ‘बातमी’ म्हणून छापून आला होता. निवडणूक आटोपल्यावर ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ या दैनिकातून हे उघडकीस आणले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

भिंतीवरून पानावर

पूर्वी प्रचार डोळ्यांना दिसायचा आणि कानांना ऐकूही यायचा. रंगवलेल्या भिंती, जीपवर बांधलेला कर्णा, ‘ताई, माई, अक्का’ची आरोळी, पोरांच्या सदऱ्यांवरचे बिल्ले, रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या चौकसभा! कोण कोणाचा प्रचार करतो आहे, हे शेंबड्या पोरालाही कळायचे. त्या गोंगाटात मतदाराची फसवणूक होतच नव्हती असे नाही. पण हा प्रचार आहे, एवढे तरी त्याला ठाऊक असायचे.

डिसेंबर १९९० मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि आचारसंहितेला दात आले. भिंती रंगवणे, रात्री-बेरात्री कर्णे वाजवणे यांना आळा बसला. उमेदवारांच्या खर्चाचे हिशेब कसोशीने तपासले जाऊ लागले. मंडपातल्या खुर्च्या, गाड्या आणि झेंडे मोजता येतात. पण वर्तमानपत्रात ‘बातमी’ म्हणून छापून आलेल्या मजकुराचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? २००९ मध्ये महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला १० लाख रुपयेच खर्च करण्याची मुभा होती. उघड जाहिरात दिली तर तिची रक्कम त्या मर्यादेत धरली जाणार. बातमी मात्र फुकट! मर्यादा चुकवण्याची ही सोयीची पळवाट होती.

‘पॅकेज’चा व्यवहार

या प्रकाराच्या तपासासाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. एप्रिल २०१० मध्ये तयार झालेला तिचा अहवाल ७१ पानांचा होता. प्रचाराच्या काळात उमेदवारांपुढे ‘दरपत्रक’ ठेवले जाई, पैसे बहुधा रोखीने घेतले जात आणि रक्कम दिली नाही तर त्या उमेदवाराचे नावही छापले जात नसे, अशा अनेक तक्रारी समितीपुढे आल्या. काही ठिकाणी तर एकाच पानावर एकाच मतदारसंघातील दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांची स्तुती आढळली आणि दोघांचाही विजय निश्चित असल्याचे सांगितलेले होते!

या व्यवहारात तिहेरी फसवणूक होते. वाचकाला वाटते की आपण बातमी वाचतो आहोत. उमेदवार खरा खर्च लपवतो. पैसे घेणारा ते हिशेबात दाखवत नाही, त्यामुळे कर बुडतो. वृत्तपत्र परिषदेने मात्र जुलै २०१० मध्ये हा सविस्तर अहवाल बाजूला ठेवून एक छोटासा अहवाल तेवढा स्वीकारला. मूळ ७१ पाने लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व्हावा लागला आणि त्यासाठी २०११ साल उजाडले. इतरांच्या भानगडी वेशीवर टांगणाऱ्या व्यवसायाला स्वतःची भानगड मात्र झाकून ठेवावीशी वाटली!

छापील शब्दाने मत फिरते का?

मराठी माणसाला छापील शब्दाचे सामर्थ्य नव्याने सांगायला नको. आचार्य अत्रे यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठा’ने संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटते ठेवले आणि १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधारी काँग्रेसला जबर धक्का दिला. अर्थात ‘मराठा’ कोणत्या बाजूचा आहे, हे तो विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते.

पण याच्या उलटही घडलेले आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. पुढे सुमारे दीड वर्ष वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि सरकारला सोयीचे तेवढेच लोकांच्या वाचनात येत होते. तरीही मार्च १९७७ मध्ये मतदारांनी काँग्रेसला सत्तेवरून दूर केले. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिरातींनी देश दणाणून गेला होता, पण मतपेट्यांची जागा घेतलेल्या यंत्रांनी निराळाच निकाल दिला.

मग वर्तमानपत्राचा प्रभाव नेमका कशावर पडतो? अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एरी परगण्यात मतदारांना महिन्यामागून महिने भेटून याचा अभ्यास केला. प्रचारामुळे एका पक्षाकडून थेट दुसऱ्याकडे गेलेले मतदार थोडेच निघाले. बहुतेकांचे मूळ मतच प्रचाराने पक्के झाले होते. वर्तमानपत्र किंवा रेडिओपेक्षा घरातल्या, शेजारच्या आणि कामावरच्या माणसांच्या बोलण्याचा परिणाम अधिक दिसला.

पुढे १९६८ मध्ये मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपल हिल या गावात, कोणाला मत द्यायचे हे न ठरलेल्या १०० मतदारांना गाठले. देशापुढील मोठे प्रश्न कोणते, असे त्यांना विचारले. बातम्यांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती, तेच प्रश्न मतदारांनाही मोठे वाटत होते. म्हणजे मत कोणाला द्यायचे हे वर्तमानपत्राला सहसा ठरवता येत नाही. पण पारावर आणि जेवणाच्या ताटावर चर्चा कशाची व्हावी, हे त्याला बऱ्याच अंशी ठरवता येते.

विकत घेतलेल्या बातमीचा खरा धोका इथेच आहे. तिने एखाद्याचे मत फिरेल किंवा फिरणार नाही. पण तिने पान भरले की त्या पानावरून दुसरे काहीतरी हटलेले असते. नळाला न येणारे पाणी, शिक्षक नसलेली शाळा, अर्धवट पडलेला पूल असे विषय मागे पडतात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत असा प्रामाणिक उमेदवार मतदारांच्या नजरेलाच पडत नाही. जो दिसलाच नाही, त्याचा विचार मतदार करणार तरी कसा?

कायद्याचे हात कोठवर?

ऑक्टोबर २०११ मध्ये निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. २००७ च्या निवडणुकीत पैसे देऊन छापून आणलेल्या मजकुराचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. या कारणावरून आमदार अपात्र ठरण्याची ही पहिलीच वेळ होती.

पण प्रत्येक प्रकरण असे तडीस गेले नाही. मध्य प्रदेशातील एका मंत्र्याला आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरवले, तो आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. महाराष्ट्रातील २००९ च्या गाजलेल्या प्रकरणात आयोगाने बजावलेली नोटीसही त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये रद्दबातल केली. रोखीच्या व्यवहाराला पावती नसते आणि पुराव्यावाचून न्यायालय कोणाला दोषी धरत नाही, धरूही नये.

आता निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यमांवर देखरेख ठेवणारी समिती असते. संशयास्पद बातमी आढळली तर ती उमेदवाराकडून खुलासा मागवते आणि तो पटला नाही तर जाहिरातीच्या दराने तिचा खर्च त्याच्या नावे धरला जातो. तरीही रोज छापली जाणारी शेकडो पाने समितीच्या काही डोळ्यांनी कितीशी वाचून होणार?

मतदाराने काय पाहावे?

म्हणून शेवटी भिस्त वाचकावरच येते. यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. बाजारात वांगी निवडून घेणारी गृहिणी जेवढी चिकित्सा करते, तेवढी पुरते.

बातमीत नुसती स्तुतीच आहे का? प्रतिस्पर्ध्याचा, आकड्यांचा, तारखांचा पत्ताच नाही का? तोच मजकूर दुसऱ्या दैनिकात वेगळ्या नावाने आला आहे का? तसे असेल तर ते कात्रण जपून ठेवावे आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. दारात पडलेल्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर ते पत्रक बोलते कोणाच्या तोंडून, हा प्रश्न विचारायलाच हवा.

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो आणि अवघा एक रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर, गुन्हे दाखल असलेल्या उमेदवारांना त्यांची माहिती स्वखर्चाने वर्तमानपत्रांत तीनदा प्रसिद्ध करावी लागते. बारीक अक्षरातली ती जाहिरात सहसा कोणी वाचत नाही. अर्ध्या पानाच्या स्तुतीपेक्षा तीच आधी वाचावी!

एरी परगण्यातल्या मतदारांनी दाखवून दिले ते अजूनही खोटे ठरलेले नाही. माणूस छापील अक्षरापेक्षा घरच्या माणसाचे अधिक ऐकतो. सकाळच्या चहाबरोबर घरात वर्तमानपत्र उघडले जाते, तेव्हा ‘हे कोणी लिहिले आणि कोणाच्या पैशांनी?’ एवढा एक प्रश्न आईने, मुलाने, आजोबांनी, कोणीही मोठ्याने विचारला, तर बातमीच्या वेषात आलेला प्रचार उंबऱ्यावरच ओळखला जाईल.