स्वस्त रिसीव्हरला वेगळा पॉवर ॲम्प जोडताना

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी साऊंड दुरुस्तीच्या दुकानात अधूनमधून असे गिऱ्हाईक येते : घरी स्वस्तातला होम थिएटर रिसीव्हर आहे, मंडपाच्या धंद्यातला जुना पॉवर ॲम्प पडून आहे, दोन्ही जोडून द्या.

कारागीर बांधवांनी आधी रिसीव्हरची मागची बाजू पाहावी. सगळ्या चॅनलचे प्री-आऊट असेल तर साध्या आरसीए वायरीने काम भागते. पण स्वस्त मॉडेलला बहुधा सबवूफरचेच प्री-आऊट असते. मग घाईत स्पीकरची वायर सोलून सरळ ॲम्पच्या इनपुटला लावली जाते. हिशेब करून पाहा : 8 ओहमवर 50 वॅट म्हणजे 20 व्होल्ट, आणि ॲम्पला हवा असतो साधारण 1 व्होल्ट. आवाज फाटतो, इनपुट जळू शकते. त्याहून वाईट म्हणजे काही रिसीव्हरांत स्पीकरचे काळे टर्मिनल चासीला जोडलेले नसते. ते ॲम्पच्या अर्थला टेकले की आऊटपुटचा आयसी जाऊ शकतो. भरपाईत आठवड्याची मजुरी जाते, दुकानाचे नाव जाते ते वेगळेच.

मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला लाइन कन्व्हर्टर घालावा. कार स्टिरिओवाल्यांकडे तो मिळतो. रिसीव्हरचे वॅट त्याला झेपतात का, हे पाहून घ्यावे. घरघर आली तर दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घ्यावेत. अर्थची पिन मात्र कधीही काढू नये. तिथे जिवाचा प्रश्न आहे.

सुरू करताना रिसीव्हर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना उलट.